थांब्यावर राहिलेली माणसं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



लालबागला आमच्या चाळीत पहिल्या मजल्यावर बेस्टचे एक कंडक्टर राहायचे. सगळी चाळ त्यांना मास्तर म्हणायची. मी शाळेत एकदा गणितात नापास झालो, तेव्हा अब्बांनी मला त्यांच्याकडे पाठवलं. मास्तरांनी गणित शिकवलं ते तिकिटांच्या हिशोबातून. एक कोरं वे-बिल त्यांनी माझ्यासमोर पसरलं. त्या काळी कंडक्टरच्या पत्र्याच्या पेटीत निरनिराळ्या दरांच्या तिकिटांचे गठ्ठे असत आणि प्रत्येक तिकिटावर क्रमांक असे. ठरावीक टप्पा आला की प्रत्येक गठ्ठ्यातल्या वरच्या तिकिटाचा क्रमांक कागदावर लिहायचा. पुढच्या टप्प्यावर पुन्हा लिहायचा. दोन आकड्यांची वजाबाकी केली की मधल्या टप्प्यात त्या दराची किती तिकिटं फाटली ते कळायचं, आणि दरावरून माणूस साधारण किती लांब जाणार तेही.

"बघ, सगळं लालबाग ह्या वजाबाकीत आहे," मास्तर म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पण गाडी भरली, मी डबल बेल दिली, आणि जी माणसं खाली राहिली ती कुठल्या रकान्यात लिहू?"

गणितात मी पुढेही फारसा चमकलो नाही. हा प्रश्न मात्र राहिला, आणि आज त्याच्याविषयीच बोलायचं आहे. कवीने आकड्यांवर बोलावं हे काहींना विचित्र वाटेल. पण मी बरीच वर्षं गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम केलं. कविता क्वचित यायच्या, अहवाल आणि कोष्टकंच जास्त. कोष्टक तपासताना एक सवय लागते. भरलेल्या चौकटींपेक्षा रिकाम्या चौकटीकडे डोळा आधी जातो.

मुंबईत प्रवासाची मोजणी नवी नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्बर स्मिथ नावाच्या अमेरिकी सल्लागारांनी या शहराच्या वाहतुकीचा अभ्यास केला. आज आपण ज्याला कोस्टल रोड म्हणतो, त्या समुद्रकाठच्या वेगवान रस्त्याची कल्पना तिथपर्यंत मागे नेता येते. त्याच सुमारास, ३१ मार्च १९६४ ला, बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. १९९० च्या दशकात आणखी एक मोठा अभ्यास झाला. आणि मग २००५ ते २००८ या काळात मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे एमएमआरडीएने, जागतिक बँकेच्या साहाय्याने सर्वंकष वाहतूक अभ्यास करून घेतला. त्यात सुमारे ६६ हजार कुटुंबांना घरी जाऊन विचारलं गेलं, की घरातलं कोण कुठून कुठे जातं, कशाने जातं, किती वाजता जातं आणि कशासाठी.

त्याच सुमारास आमच्याही दारात अशी एक मुलगी आली होती. हातात पुठ्ठ्याला लावलेला फॉर्म, खांद्याला पिशवी, कपाळावर घाम. तिने विचारलं, "काल घरातल्या कोणी कोणी कुठे प्रवास केला?" माझं सोपं होतं. लालबाग ते गिरगाव बसने, आणि परत. मग तिने अम्माकडे पाहिलं. अम्मा म्हणाली, "मी कुठं जाते? मी घरातच असते."

मुलगी हुशार होती. दुसरी कोणी असती तर तिने शून्य लिहून पुढच्या खोलीची कडी वाजवली असती. हिने विचारलं, "आजी, काल भाजी कोणी आणली?"

"मीच की. मार्केटातनं."

"आणि सकाळी?"

"सकाळी केईएमला गेले होते, शुगर तपासायला."

"कशा गेलात?"

"चालत. एवढ्याशासाठी काय गाडी करायची?"

केईएमला जाणं-येणं दोन फेऱ्या, मार्केटच्या दोन. घरातून कुठेच न जाणाऱ्या बाईच्या नावावर चार फेऱ्या लागल्या. माझ्या दोनच होत्या. त्या भेटीत पुढे काय झालं ते नंतर सांगतो.

अभ्यासाचा निष्कर्ष आला तेव्हा मला त्या चार फेऱ्या आठवल्या. महानगर प्रदेशातल्या एकूण फेऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक पायी होत होत्या. वाहनाने होणाऱ्या फेऱ्यांत रेल्वे आणि बस यांचा वाटा मिळून तीन चतुर्थांशाच्याही वर होता. मोटारींच्या वाट्याला अगदी थोडं उरत होतं. हे सरकारच्याच कागदावर होतं, कुणा चळवळ्याच्या पत्रकात नव्हतं.

मग आमच्या भागात काय बांधलं गेलं? २०११ साली लालबागचा उड्डाणपूल झाला, अडीच किलोमीटरच्या आसपास लांबीचा. खालून चालणारा माणूस खालीच राहिला. चालणाऱ्यांसाठी म्हणून २००८ पासून मुंबई परिसरात तीसहून अधिक स्कायवॉक उभे राहिले. म्हणजे रस्ता गाड्यांना देऊन चालणाऱ्याने जिने चढायचे. अम्माचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते. तिच्याच्याने स्कायवॉक चढणं शक्य नव्हतं.

मोजणीतून एक निघतं आणि बांधलं दुसरंच जातं. पुष्कळ जण म्हणतात, पैसा आणि कंत्राटं. ते असेल. पण मला त्यातलं एक साधं कारण भारतमाता सिनेमाजवळच्या सिग्नलला कळलं. एक मुलगा स्टुलावर बसून चार उभ्या रेघांवर पाचवी आडवी मारत वाहनं मोजत होता. मी शेजारी उभा राहिलो. वाहतूक अभियंते अशा मोजणीत सगळ्या वाहनांचं रूपांतर मोटारीत करतात. मोटार म्हणजे एक. स्कूटर म्हणजे साधारण अर्धा. बस म्हणजे तीनच्या आसपास, कारण ती रस्त्याची तेवढी जागा खाते. त्या बसमध्ये साठ माणसं आहेत की सहा, याचा त्या आकड्याशी संबंध नाही. तिथे बस ही तीन मोटारींची अडचण असते. आणि चालणारा? तो त्या कागदावर नव्हताच. हा हिशोब चुकीचा नाही. रस्ता किती भरला ते कळायला तो लागतो. पण रस्ता रुंद करायचा की बस वाढवायची हे ठरवताना तोच कागद समोर घेतला, तर उत्तर आधीच ठरलेलं असतं.

आता थोडं मागे जातो. अब्बा परळच्या एका गिरणीत साळखात्यात होते. भोंगा झाला की घरातून निघायचे आणि दहा-बारा मिनिटांत दारावर. गिरणगाव हे असंच वसलं होतं. काम, खोली, बाजार, तालीम, मशीद, गणपती, सगळं पायाखाली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि अब्बांची गिरणीही त्यांच्यापुरती उघडली नाही. त्यांना काम मिळालं ते भिवंडीच्या मागांवर. करी रोडहून स्लो लोकलने ठाणे, तिथून एसटी. रोज जमेना म्हणून ते तिथेच कारखान्यात झोपू लागले आणि आठवड्याने घरी येऊ लागले.

त्या वेळी जर कुणी आमच्या दारात फॉर्म घेऊन आलं असतं आणि 'काल' विचारलं असतं, तर अब्बांचा प्रवास त्यात आलाच नसता. काल ते कुठेच गेले नव्हते, भिवंडीत होते. घरगुती पाहणी नेहमीच्या दिवसावर चालते, सणवार टाळून. शास्त्र म्हणून ते बरोबरच आहे. पण आमच्या लालबागला वर्षातले दहा दिवस लाखो माणसं येतात, दरवर्षी येतात. दादरला ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर किती जनसागर येतो हे सांगायला कुणाला पाहणीची गरज पडत नाही. रेल्वे जादा गाड्या सोडते, बसचं वेळापत्रक बदलतं, कारण अनुभव आहे. तेव्हा 'नेहमीचा नसलेला दिवस' मोजता येत नाही असं नाही.

सणाच्या दिवसाचा विषय निघाला की २९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ टाळता येत नाही. शुक्रवार, दसऱ्याच्या आदला दिवस. परळ आणि एल्फिन्स्टन रोड या दोन स्टेशनांना जोडणाऱ्या पादचारी पुलाच्या जिन्यावर, साडेदहाच्या सुमारास, जोराच्या पावसात चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. पावसामुळे लोक पुलावर थांबून राहिले आणि मागून गाड्यांची गर्दी येत राहिली, असं चौकशीत निघालं. एका वाचलेल्या विद्यार्थिनीने सांगितल्याचं वर्तमानपत्रांत आलं होतं की कुणाची फुलं पडली, कुणी 'फूल गिर गया' म्हणालं आणि गर्दीने 'पूल गिर गया' असं ऐकलं. शब्दांवर पोट असलेल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल ते मी सांगत नाही.

मी तो पूल अनेकदा चढलो-उतरलो होतो. तो ज्या परळसाठी होता ते परळ आतल्या आत उलटं झालं होतं. पूर्वी गिरणीत जाणारा माणूस चालत येई आणि त्याला पुलाची गरज फारशी पडत नसे. गिरण्यांच्या जागी कार्यालयांचे मनोरे उभे राहिले आणि तिथे काम करणारी मुलंमुली विरारहून, कल्याणहून, डोंबिवलीहून येऊ लागली. त्यातली कित्येक याच चाळींमधून तिकडे राहायला गेलेल्यांची. चालत येणाऱ्यांचं गाव लोकलने येणाऱ्यांचं झालं, आणि पूल तेवढाच राहिला. नव्या रुंद पुलाला मंजुरी मिळाली होती. तो उभा राहिला नव्हता.

हे आकड्यांत दिसत नव्हतं का? दिसत होतं, पण कुठून बघता त्यावर होतं. तिकीटखिडकीवर किती विक्री झाली यावरून स्टेशन मोजलंत तर परळ लहान दिसतं, कारण परळला कामाला येणाऱ्याचा पास विरारला किंवा डोंबिवलीला काढलेला असतो. शिवाय दिवसाची बेरीज हा फसवा आकडा आहे. दिवसभरात पुलावरून किती माणसं गेली याने काही कळत नाही. मध्य रेल्वेची एक आणि पश्चिम रेल्वेची एक अशा दोन गाड्या एकाच वेळी लागल्या, तर पुढच्या चार मिनिटांत त्या जिन्यावर किती माणसं येतात, तो आकडा हवा. मुंबईच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात आणि रेल्वेच्या भाषेत त्यासाठी 'सुपर डेन्स क्रश लोड' असं खास नाव आहे. गाडीतल्या गर्दीला नाव मिळालं. जिन्यावरच्या गर्दीला मिळालेलं मी तरी ऐकलं नाही.

नंतर लष्कराला बोलावलं गेलं आणि पाच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी २०१८ मध्ये, एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली इथे नवे पूल झाले. त्याच वर्षी स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिथला रस्त्याचा जुना पूल, नव्या उन्नत रस्त्यासाठी पाडायचा म्हणून, बंद झाला. वाहनांनी टिळक पुलावरून जावं, करी रोडवरून जावं, चिंचपोकळीवरून जावं, असं जाहीर झालं. पश्चिमेकडून केईएमला, टाटाला, वाडियाला चालत येणाऱ्या आजारी माणसाला टिळक पूल हा वळसा नसतो. तो दुसरा गाव असतो.

आकड्यांची दुसरीही एक गंमत आहे. आमच्या जवळून मोनोरेल गेली. चेंबूर ते वडाळा २०१४ साली आणि पुढे नायगाव, मिंट कॉलनी, लोअर परळ करत सातरस्त्याला संत गाडगे महाराज चौकापर्यंत मार्च २०१९ मध्ये. ठरवलेले प्रवासी तिला कधीच मिळाले नाहीत, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सुधारणांसाठी ती थांबवण्यात आली. मी तिच्यातून दोन-तीनदा हौसेने गेलो. वरून लालबाग-परळच्या कौलांचं दृश्य सुंदर दिसायचं. पण मला तिकडे काही कामच नसायचं. गर्दी खालच्या रस्त्यावर होती, आणि तिला दुसऱ्याच दिशेला जायचं होतं.

याच्या उलट जे झालं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ९ जुलै २०१९ ला बेस्टने किमान भाडं आठ रुपयांवरून पाच रुपये केलं. त्याआधी काही वर्षं बसचे प्रवासी सतत घटत होते आणि लोकांना आता बस नको आहे, लोक रिक्षा-टॅक्सी-दुचाकीकडे गेले, असं म्हटलं जायचं. भाडं उतरलं आणि काही महिन्यांत प्रवासी लाखांनी वाढले. ही माणसं कुठून आली? आकाशातून पडली नाहीत. ती चालत होती, शेअर टॅक्सीत दाटीने बसत होती, किंवा जातच नव्हती. कुठल्याच वजाबाकीत ती नव्हती. मास्तरांच्या प्रश्नाला मिळालेलं एवढं स्पष्ट उत्तर मी दुसरं पाहिलं नाही. त्या स्वस्ताईची किंमत बेस्टला मोजावी लागली हेही खरं. मे २०२५ मध्ये किमान भाडं दहा रुपये झालं. दहा रुपयांनी कोण कोण खाली उतरलं, ते आता शोधायला हवं. मशीन फक्त एवढंच सांगेल की तिकिटं किती कमी निघाली.

आता पत्र्याची पेटी गेली. यंत्रं आली, कार्ड आलं, मोबाइलमधलं तिकीट आलं. लंडनमध्ये २००३ पासून ऑयस्टर कार्ड आहे. तिथल्या बसमध्ये चढताना कार्ड टेकवतात, उतरताना टेकवत नाहीत. मग माणूस उतरला कुठे? तर त्याने पुढच्या वेळी कार्ड कुठे टेकवलं ते बघतात आणि त्याच्या जवळपासच तो आधी उतरला असणार असं धरतात. मला ही युक्ती फार आवडली. मास्तरांनाही आवडली असती. आपल्याकडे बस, लोकल आणि मेट्रो यांच्या तिकिटांच्या नोंदी अशा एकमेकींना जोडून वाचल्या, तर मेट्रोतून आचार्य अत्रे चौकाला उतरलेला माणूस पुढे बसने गेला का, हे कळू शकेल. भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोचली. दादरहून गिरगावला आता जमिनीखालून जाता येतं, आणि माझ्या छापखान्याच्या दिवसांत हे असतं तर मी रोज तासभर जास्त झोपलो असतो. पण लालबाग त्या मार्गावर नाही. लालबागच्या माणसाला आधी रेल्वेचे रूळ ओलांडून पश्चिमेला जायचं आहे, आणि तो रस्ता कुठल्याच कार्डावर उमटत नाही.

मोबाइलवरून लोकांच्या हालचाली मोजता येतात असंही आता म्हणतात. येत असतील. पण आमच्या चाळीत एका घराला एकच चांगला फोन असायचा आणि तो कामाला जाणाऱ्याच्या खिशात. त्याची हालचाल म्हणजे घराची हालचाल नव्हे. दादरला पहाटे फुलं घ्यायला येणाऱ्या बायका, डोक्यावर पाटी घेतलेले पाटीवाले, लहान मुलाला घेऊन वाडियाच्या रांगेत थांबलेली आई यांना विचारायला अजूनही कुणीतरी माणूसच पाठवावा लागेल. तो माणूस त्या मुलीसारखा असला तर बरं. पहिल्या उत्तरावर पुढच्या खोलीकडे न जाणारा. आणि त्याच्या फॉर्मवर दोन प्रश्न जास्त असावेत: किती गाड्या सोडल्या? आणि पूर्वी कुठे जात होता, जिथे आता जात नाही?

दुसरा प्रश्न माझा नाही, अम्माचा आहे. त्या दिवशी ती मुलगी फॉर्म मिटून पिशवीत घालायला लागली तेव्हा अम्मा म्हणाली, "अगं, शुक्रवारचं नाय लिहिलंस?"

"शुक्रवारी कुठे गेला होता, आजी?"

"गेले नाय. जायची. डोंगरीला, माझ्या बहिणीकडं. गुडघे धरल्यापासून नाय जमत."

मुलगी हसली. "आजी, न केलेला प्रवास ह्यात बसत नाही."

"बसत नाय ते मला पण दिसतंय," अम्मा म्हणाली. "बाजूला लिही."

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग पेन्सिल काढली, फॉर्म पुन्हा उघडला आणि कडेच्या कोऱ्या जागेत काहीतरी लिहिलं. नंतर ती शेजारच्या खोलीकडे गेली.